डावं कोपर

फोन आला तेव्हा बायकोच्या कोपराची चित्रं माझ्या हातात होती. स्कॅनच्या खिडकीवरच्या मुलीने मोठं पाकीट सरकवलं, नाव बरोबर आहे का बघून घ्या म्हणाली, आणि मी नाव बघायचं सोडून आतली फिल्म अर्धी बाहेर काढून उजेडाकडे धरली. एकाच हाडाची बरीच चित्रं होती, सगळ्या बाजूंनी काढलेली. कुणीतरी ते हाड हातात घेऊन सावकाश फिरवत बसलं असावं असं वाटत होतं. वरचा भाग चांगला सरळ होता आणि खालच्या टोकाला, कोपरापाशी, फुटलेल्या बशीसारखे तुकडे. एवढ्या वर्षांत तिचा हात किती वेळा हातात घेतला असेल, पण आत असं काही असतं हे मनात आलं नव्हतं. खिशातला फोन वाजत होता. शेजारीण होती. "भाऊजी, कुठे आहात? लगेच या." मी विचारलं, पुन्हा पडली का? "नाही हो, पडल्या नाहीत. खुर्चीतच आहेत. तुम्ही या." खुर्चीतच आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. बसमध्ये जागा मिळाली त्याचंही बरं वाटलं, कारण फिल्मला घडी पडून चालत नाही, आणि उभं राहून गर्दीत ते पाकीट सांभाळणं अवघड गेलं असतं. मी ते मांडीवर आडवं धरून बसलो होतो. शेजारच्या माणसाचा धक्का लागला तेव्हा मी त्याला म्हणालो, जरा जपून, आणि तोही सॉरी म्हणाला. घराचं दार सताड उघडं होतं. बाहेर खूप चपला होत्या. आत ती खुर्चीत बसलेली होती, मान एका बाजूला, आणि प्लास्टरमधला हात उशीवर, सकाळी मी ठेवून गेलो होतो अगदी तसाच. बाकी ती सगळी बदलली होती. हात तेवढा ठेवल्या जागी होता.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले होते. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असावी, म्हणाले. हाड मोडल्यावर, एका जागी बसून राहिल्यावर असं होतं कधी कधी, आणि कधी काही नसतानाही होतं. मी मान हलवत होतो. पाकीट अजून माझ्या हातातच होतं, आणि ते कुठे ठेवावं ते सुचत नव्हतं. शेवटी मी ते आरशाखालच्या फळीवर, तिच्या कंगव्यांच्या शेजारी उभं करून ठेवलं.

ती खुर्ची तिच्या कामाची. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. एक आरसा, एक खुर्ची, बाहेर बसायला बाकडं. आसपासच्या दोन-तीन इमारतींतल्या बायका तिच्याकडे केस कापायला यायच्या. खुर्ची पायाने पट्टी दाबली की वर जाणारी, मीच जुन्या बाजारातून आणून दुरुस्त केलेली. मी आयुष्यभर लिफ्टच्या कंपनीत होतो, लिफ्ट बसवायच्या, दुरुस्त करायच्या. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "ह्यांच्या हातची एकच लिफ्ट आजवर बंद पडली नाही, ती ही." मोडलेला हात घेऊन आडवं झालं की तिला कळ यायची, म्हणून त्या दिवसांत ती झोपायचीही तिथेच, समोर आरसा. म्हणायची, डोळे उघडले की आधी माझंच थोबाड, दिवसाची सुरुवात वाईट करायची तर स्वतःपासून करावी.

पडली ती जिन्यावर. इमारतीची लिफ्ट बंद होती. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आणि ती लिफ्ट आमच्या कंपनीची नव्हेच, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच ऐकवलं, "लिफ्टवाल्याची बायको जिन्यावरून पडली, पेपरात द्या." लोक हसायचे, मीही हसायचो. ती हसली की प्लास्टर हलायचं आणि ती "आई गं" करायची, मग पुन्हा हसायची. पडताना तिने हात पुढे केला होता, डावा. हात वाचवायला माणूस हात पुढे करत नाही, तोंड वाचवायला करतो, असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं. तरुण होते, चांगले बोलायचे. एक्स-रे बघून म्हणाले, "डावाच आहे, त्यातल्या त्यात बरं."

ती म्हणाली, "अहो डॉक्टर, मी डावखुरी."

मग त्यांनी पुन्हा एकदा एक्स-रेकडे बघितलं, जणू डावखुऱ्या माणसाचं हाड वेगळं दिसत असेल. टेबलाच्या खणातून प्लास्टिकचं एक कोपर काढलं आणि आम्हाला समजावून सांगायला लागले. दंडाच्या हाडाचं खालचं टोक फुटलंय. दोन उपाय आहेत. एक म्हणजे तुकडे जुळवायचे, दोन्ही बाजूंनी धातूच्या प्लेटा लावायच्या, स्क्रूने आवळायच्या. जुळलं तर हाड तुमचंच, पुढे काहीही उचला, कुणी विचारणार नाही. पण या वयात हाड ठिसूळ झालेलं असतं, स्क्रू धरतील याची खात्री नाही, व्यायाम कित्येक महिने, आणि एवढं करून हात पूर्ण वाकेलच असं नाही, कदाचित पुन्हा उघडावं लागेल. दुसरा उपाय, तुकडे काढून टाकायचे आणि कृत्रिम सांधा बसवायचा. दाराच्या बिजागरीसारखा असतो. थोड्या आठवड्यांत हात तोंडापर्यंत जातो, केसांपर्यंत जातो, दुखणंही कमी. फक्त वजन उचलायचं नाही. दुधाची पिशवी, पाण्याची छोटी बाटली, बस. तेही कायमचं, मरेपर्यंत, कारण जास्त ओझ्याने सांधा हाडात सैल होतो.

तिने विचारलं, "कात्री?"

"कात्री चालेल की."

"आणि नातू?"

डॉक्टर हसले. "मांडीवर घ्या ना. कुणीतरी उचलून द्यायचा. आपण उचलायचा नाही."

ती पण हसली, पण थोडं उशिरा. ते मी बघितलं.

आमची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिला मुलगा झाला होता, तिची रजा संपत आली होती, आणि आईने काही दिवस, म्हणजे खरं तर काही वर्षं, तिच्याकडे येऊन राहावं असं तिच्या मनात होतं. ती तसं सरळ म्हणत नव्हती. फोनवर म्हणायची, आई, तो तुझा आवाज ऐकला की मान वळवतो. आई म्हणायची, "बघू." या तिच्या बघू म्हणण्याचे अर्थ मला पाठ होते. गिऱ्हाईक म्हणालं की कपाळावर झुपके सोडा, आणि ती बघू म्हणाली, की झुपके येणार नाहीत. मी म्हणालो की नवा पंखा घेऊ, आणि ती बघू म्हणाली, की पंखा आला. मुलीला म्हटलेला बघू कुठल्या जातीचा, ते मला कळलं नव्हतं. हात मोडल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तू प्लेटाच घे. वेळ लागू दे, मी रजा वाढवते, पण हात तुझा राहील." माझी मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, रोज यायची, तिचं उलटं. "ताई, सांधा बदल आणि मोकळी हो. या वयात कुठे व्यायाम करत बसतेस? महिन्याभरात कात्री हातात." मी प्लेटांच्या बाजूचा. गंमत म्हणजे नोकरीत मी नेहमी उलट सांगायचो, झिजलेला भाग दुरुस्त करत बसू नका, बदला. पण लिफ्टचा भाग बदलला तर लिफ्टला काय कळतं? हे मी तिला म्हणालो, आणि ती म्हणाली, "मला तरी काय कळणार आहे, भूल देणार आहेत." त्या दिवसांत घरात दुसरा विषय नव्हता. दार उघडलं तरी माझं लक्ष बिजागरीकडे जायचं. तीही तिकडेच बघायची. उजव्या हाताने कंगवा धरून स्वतःचे केस विंचरायचा प्रयत्न करायची आणि भांग वाकडा गेला की आरशातल्या बाईला म्हणायची, "शिकाऊ आहे हो, सांभाळून घ्या."

त्या सकाळी मी स्कॅनची चित्रं आणायला निघालो. पहिल्या डॉक्टरांनीच म्हटलं होतं, दुसरं मत घ्या, आणि कोपराच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेऊन दिली होती. मी हाताखालची उशी नीट केली, पाण्याचं भांडं उजव्या बाजूला ठेवलं. दारापर्यंत गेलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, ठरलंय माझं."

"काय ठरलं?"

"आधी फोटो घेऊन या. आत्ता सांगितलं तर रस्ताभर मनातल्या मनात माझ्याशी भांडत जाल आणि भलत्याच स्टॉपवर उतराल."

मी आलोच म्हणालो. ती आरशात बघत होती आणि मला आरशातूनच हात दाखवला, उजवा.

सगळं झाल्यावर घर माणसांनी भरून राहिलं. मुलगी आली, जावई आला, बाळ आलं. बाळ तिच्या खुर्चीला धरून उभं राहायला बघायचं आणि धपकन खाली बसायचं. एका दुपारी मुलगी आणि मेहुणी स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या, मी बाहेर बाकड्यावर होतो. मुलगी म्हणाली, "आई प्लेटाच घेणार होती, मावशी." मेहुणी म्हणाली, "कशाला गं आता तो विषय? पण माझ्यासमोर तर ती सांध्याचंच विचारत होती. किती दिवसांत कात्री धरता येते, हेच विचारायची." मग भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे तिला माझ्याकडे यायचंच नव्हतं, असं म्हणायचंय का तुला?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तेच म्हणालीस."

"अगं, कात्री तिचा जीव होता. तुझ्यावर जीव नव्हता असं नाही म्हणाले मी. दोन्ही असतात माणसाला."

"दोन्हीतून एकच घ्यायचं होतं ना पण!"

मुलगी ओल्या हातांनीच बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. लहानपणी उत्तर अडलं की अशीच यायची. "बाबा, तुम्हाला सांगितलं असेल तिने. काय ठरलं होतं?" मी म्हणालो, ठरलं होतं. पण मी आल्यावर सांगणार होती. "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," असं म्हणून ती आत गेली आणि तिने बाळाला उचलून घेतलं. काही कारण नसताना ती त्याला बराच वेळ उचलून फिरत होती.

ते लोक गेल्यावर मला कोपरं दिसायला लागली. बसमध्ये दांडा धरलेल्यांची, दुकानात वजन करणाऱ्याची, खिडकीत रेलून बसलेल्या म्हाताऱ्यांची काळवंडलेली, सुरकुतलेली. सगळी वाकत होती, सरळ होत होती, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. चहा पिताना माझा हात तोंडापर्यंत येतो तेव्हा मी दुसऱ्या हाताने ते हाड चाचपतो. दोन्ही बाजूंना दोन गोट्या, मध्ये टोक. इथे प्लेट आली असती, आणि इथे. किंवा हे सगळं नसतंच, एक दांडी खाली, एक वर, मध्ये खीळ. तिचं कोपर मला समोरून आठवत नाही, बाजूने आठवतं. केस कापताना ते गिऱ्हाइकाच्या कानाच्या पातळीत असायचं आणि तासन् तास तिथेच राहायचं. कोपर वर, मनगट सैल, असं ती शिकवायची. मुलीला शिकवायचा तिने खूप प्रयत्न केला. मुलगी शाळेतून आली की बाकड्यावर बसून आईचं काम बघायची, पण बघायची ते आरशात, कारण आईची पाठ तिच्याकडे असायची. आरशातली आई उजव्या हाताने कापते. कित्येक वर्षं मुलीला आपली आई उजवीच वाटत होती. एकदा शाळेत बाईंनी विचारलं, तुमच्या घरी कुणी डावखुरं आहे का, तर मुलगी नाही म्हणून आली. घरी कळल्यावर तिची आई हसून हसून लोळली. "अगं, जन्म दिला मी तुला, हात तरी बघायचास माझा!" मुलगी रडायला लागली तेव्हा तिला जवळ घेतलं, डाव्या हाताने, आणि म्हणाली, बघ, हा. हे मला का आठवतं, कुणास ठाऊक. मुलीचा फोन येतो, जेवलात का, औषध घेतलंत का, आणि ठेवता ठेवता ती विचारते, बाबा, काही आठवलं का? जणू मी ते ऐकलं होतं आणि कुठेतरी ठेवून विसरलो.

एका सकाळी फोनवर निरोप आला की आज डॉक्टरबाईंकडे आपली वेळ आहे, जुने रिपोर्ट आणि स्कॅन सोबत आणावे. वर तिचं नाव होतं. वेळ रद्द करायला हवी होती, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फोन करून सांगता आलं असतं. मी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, आरशाखालचं पाकीट घेतलं आणि गेलो. जाताना मी सांगायलाच चाललोय, असं मनाशी म्हणत होतो. तिथे भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि त्यांवर माणसं आपापले हात मांडीवर घेऊन बसली होती, झोपलेली लहान मुलं घ्यावीत तशी. माझ्या मांडीवर पाकीट होतं. मदतनीस बाईने विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"

मी म्हणालो, "घरी."

डॉक्टरबाई वयस्कर होत्या, केस कापलेले, मागून एका बाजूला थोडे लांब राहिले होते. माझी बायको असती तर बाहेर पडताच म्हणाली असती, हातात हुशारी आहे बाईच्या, पण मान कुणाच्या हाती दिलीय बघा. त्यांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि खूप वेळ बघितली. मग माझ्याकडे वळल्या. "त्यांना का नाही आणलं?" मी म्हणालो, जिना आहे, लिफ्ट बंद आहे. "बोटांत मुंग्या येतात का?" करंगळीत येतात, मी म्हणालो. म्हणते, ही करंगळी दुसऱ्या कुणाची तरी लावलीय. "झोप लागते?" बसून झोपते. आडवं झालं की कळ येते. "भूक वगैरे ठीक?" ठीक आहे. खाते. उजव्या हाताने खायला लागतं म्हणून चिडते. मी बोलत होतो आणि माझा आवाज मला ऐकू येत होता, रोजचा, थोडा तक्रारीचा. किती दिवसांनी तो तसा निघत होता. थांबायला हवं हे कळत होतं. पण त्या विचारत होत्या, आणि प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. इतक्या दिवसांत मला कुणी तिच्याबद्दल असं काही विचारलं नव्हतं. सगळे ती कशी गेली तेच विचारत होते.

"काम काय करतात?"

मग मी सगळं सांगितलं. कात्री, खुर्ची, डावा हात, कानाच्या पातळीतलं कोपर. मुलगी, बाळ. बाळाचं वजन वाढतच जाणार, हे पण सांगितलं. एक उपाय कात्रीचा आहे आणि एक बाळाचा, असं आमच्या घरात झालंय, मी म्हणालो. तुम्ही सांगा, यातलं कुठलं.

त्यांनी चष्मा काढला. "यावरून मी सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर सांगू दे. इतके तुकडे असले की कोपर उघडल्यावरच कळतं. हाडाला बोट लावल्यावर. धरेल असं वाटलं तर मी प्लेटा लावते, नाही वाटलं तर तिथल्या तिथे सांधा बसवते. दोन्ही सामान टेबलावर तयार ठेवूनच मी आत जाते."

"मग आम्ही इतके दिवस भांडत होतो, ते?"

"ते वाया नाही गेलं," त्या म्हणाल्या. "समजा उघडल्यावर दिसलं की दोन्ही जमण्यासारखं आहे. मग मी काय करू? तेव्हा त्या भुलीत असणार. तेव्हा मला माहीत हवं, त्यांना हात कशासाठी हवाय. तुम्हाला काय वाटतं ते नाही, मुलीला वाटतं ते नाही. त्यांना." मग पुन्हा फिल्मकडे बघून म्हणाल्या, "आधीच उशीर झालाय. हाड थांबत नाही, जसं पडलंय तसं धरायला लागतं. त्यांनी काही ठरवलंय का?"

"ठरवलंय," मी म्हणालो.

"काय?"

माझ्या तोंडात दोन्ही शब्द आले होते. कुठलाही एक म्हटला असता तरी चाललं असतं, तिथे खोटं ठरवायला कुणी नव्हतं. तोच शब्द मग मुलीलाही सांगता आला असता, आणि तिचं ते विचारणं थांबलं असतं. प्लेटा म्हणालो असतो तर मुलीने आयुष्यभर आई मला निवडणार होती असं धरलं असतं. सांधा म्हणालो असतो तर मेहुणी बरोबर ठरली असती आणि हिची खुर्ची हिची राहिली असती. मला आठवून बघायचं होतं की ठरलंय म्हणताना तिचा चेहरा कसा होता. पण तो मी आरशात बघितला होता, आणि माझं लक्ष उशीकडे होतं.

"मला सांगितलं नाही तिने," मी म्हणालो.

डॉक्टरबाई हसल्या, टोचून नाही, बायकांना एकमेकींचं कळतं तसं. फिल्म काढून पाकिटात सरकवून त्यांनी माझ्या हातात दिली. "मग घरी जा आणि विचारा त्यांना. नुसतं प्लेट की सांधा असं नका विचारू. हात बरा झाला की पहिल्यांदा काय करायचंय, ते विचारा. आणि मला कळवा. लवकर."

मी म्हणालो, बरं, विचारून कळवतो. उठलो, खुर्ची आत सरकवली, पाकिटाला घडी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बाहेर आलो. मदतनीस बाईने माझा फोन नंबर बरोबर आहे ना ते विचारलं, मी बरोबर आहे म्हणालो.

त्यानंतर त्यांच्याकडून दोनदा फोन येऊन गेला. मी घेतला नाही. त्यांना कळवायचं अजून राहिलं आहे.